भूमिका वठवायची की घ्यायची?

प्रश्न : कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी ‘स्कायरिम’ आणि ‘द विचर ३’ या गेम्सची तुलना करणारा लेख लिहितोय. ‘रोल-प्लेइंग’साठी, म्हणजे गेममधलं एखादं पात्र होऊन खेळण्यासाठी, मी ‘भूमिका’ हा शब्द योजला. संपादक मंडळातली मैत्रीण म्हणते, ‘भूमिका’ म्हटलं की एकतर नाटक आठवतं, नाहीतर पुढाऱ्याची पत्रकार परिषद; दुसरा शब्द शोध. शिवाय ‘चॉइस’ला ‘पर्याय’ म्हणू की ‘निवड’?
– एक विद्यार्थी, कोथरूड

उत्तर : ‘भूमिका’ मुळीच काढू नका. मैत्रिणीला खटकलेले दोन्ही अर्थ तुमच्या लेखाला हवेच आहेत.

मराठीत भूमिकेचा अर्थ बहुतेक वेळा सोबतच्या क्रियापदावरून कळतो. पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत भरत नाट्य मंदिराच्या आवारात कुणाला ‘तुझी भूमिका काय?’ विचारलं, तर उत्तरात पात्राचं नाव येईल. हाच प्रश्न सोसायटीच्या सभेत पुनर्विकासाचा विषय निघाल्यावर विचारा, माणूस आपली बाजू सांगेल. पहिली भूमिका आपण करतो, साकारतो, वठवतो. दुसरी घेतो, मांडतो, प्रसंगी बदलतो. (‘भूमिका निभावणे’ हिंदीतून आलंय. ‘वठवणे’ हाताशी असताना ते कशाला?) वठवायच्या भूमिकेतले शब्द लेखकाने दिलेले असतात, घेतलेल्या भूमिकेबद्दल मात्र जाब आपल्यालाच द्यावा लागतो.

आता गेम्सकडे या. १९९७च्या ‘फायनल फँटसी ७’मध्ये नायकाची सोबतीण एरिथ हिचा मृत्यू होतो. खेळाडूने काहीही केलं तरी तो टळत नाही. तिथे आपण नायक क्लाउडची भूमिका वठवत असतो. यात काही उणं आहे असं मला वाटत नाही. तो मृत्यू अटळ आहे म्हणूनच इतका लागतो.

‘स्कायरिम’ (२०११) दुसऱ्या टोकाला. हात बांधलेला कैदी म्हणून गाडीतून हेल्गेन गावाला पोचायचं. वंश, चेहरा, नाव सगळं आपण ठरवायचं. स्टॉर्मक्लोक नावाचे बंडखोर आणि साम्राज्य यांच्या यादवीत कुणाचीही बाजू घ्या, किंवा दोघांनाही सोडून डोंगरदऱ्यांत भटका. भूमिका घ्यायची मोकळीक भरपूर, पण तिची झळ फारशी लागत नाही. जादू जेमतेम येत असली तरी विंटरहोल्डच्या जादूविद्यालयाचं प्रमुखपद मिळतं, आणि त्याच माणसाला चोरांच्या टोळीचं म्होरकेपणही मिळतं. कुणी हटकत नाही.

‘विचर ३’ (२०१५) मला या सगळ्यांत थोर वाटतो, कारण त्यात भूमिकेचे दोन्ही अर्थ एकाच वेळी जिवंत असतात. राक्षसांची शिकार करणारा नायक गेराल्ट हे तयार पात्र आहे. त्याचा आवाज, त्याचं वय, प्रेयसी येनेफरशी असलेलं जुनं नातं, मानसकन्या सिरीबद्दलची माया, यातलं काही आपल्याला बदलता येत नाही. ते वठवायचं. मग दलदलीच्या प्रदेशात एका टेकडीखाली, जुनाट झाडाच्या मुळांत कोंडलेला आत्मा भेटतो. डाउनवॉरन गावाचा म्होरक्या म्हणतो, त्याला मारा. आत्मा म्हणतो, मला सोडवा, मी दलदलीतल्या अनाथ मुलांना चेटकिणींपासून वाचवतो. सोडवलंत, तर मुलं वाचतात. पण गाव उद्ध्वस्त होतं, त्या मुलांना सांभाळणारी ॲना मरते आणि तिचा नवरा, तिथला सरदार ‘बॅरन’, गळफास घेतो. आत्म्याला मारलंत, तर ॲना जगते, पण तिचं भान हरपतं, आणि मुलं चेटकिणींच्या तोंडी जातात. कोणतं उत्तर चांगलं, हे पडद्यावर लिहून येत नाही. परिणामही लगेच दिसत नाही; तो कळेपर्यंत आपण बरेच पुढे आलेलो असतो. पात्र लेखकाचं, भूमिका मात्र आपण घेतलेली. असं वाक्य लिहायला ‘भूमिका’ इतका नेमका शब्द मला तरी दुसरा सापडत नाही.

(जागा उरली तर २०२३च्या ‘बाल्डर्स गेट ३’बद्दलही लिहा. तिथे गॉब्लिन या लुटारू जमातीच्या बाजूने जाऊन ड्रुइडांच्या, म्हणजे निसर्गपूजकांच्या, वस्तीवर हल्ला केलात, तर विल आणि कार्लाक हे सोबती साथ सोडतात. घेतलेली भूमिका सोबत्यांनाही पटावी लागते.)

म्हणून खेळप्रकाराला ‘भूमिकाखेळ’ म्हणा. ‘भूमिकाप्रधान’ नको, तो ‘नायिकाप्रधान’च्या चालीवर जातो आणि अर्थ निसटतो. बोलताना ‘आरपीजी’ (रोल-प्लेइंग गेम) म्हणालात तरी काही बिघडत नाही.

‘पर्याय’ आणि ‘निवड’ दोन्ही ठेवा, फक्त अदलाबदल करू नका. पडद्यावर जे समोर येतात ते पर्याय. ते गेम देतो. त्यांतून आपण करतो ती निवड. तांदूळ निवडताना खडा बाजूला काढतो, तसं निवडण्यात काहीतरी टाकणंही येतं, आणि ‘निवाडा’ हा शब्द याच घरातला. त्यामुळे ‘स्कायरिममध्ये पर्याय अधिक, विचरमध्ये निवड अवघड’ हे वाक्य बिनदिक्कत लिहा. ‘खेळाडूला अनेक निवडी उपलब्ध असतात’ असं मात्र लिहू नका. तिथे ‘पर्याय’च हवा.