रात्रपाळीची वाळू

चि. मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. कंपनीने दोन जागा पुढे ठेवल्यात: ऑफिसात प्रॉडक्शन प्लॅनिंग, नाहीतर मोल्डिंगची, म्हणजे वाळूचे साचे करायची शिफ्ट, तीही बहुतेक रात्रीची. घरचे म्हणतात ऑफिस घे. प्लँट हेड व्हायचं तर जवळचा रस्ता कुठला, असं तू विचारतोस. जवळचा रस्ता प्लॅनिंगचाच आहे. मालकांसमोर रोज जाणं होतं, नाव लवकर लक्षात राहतं. तरी मी म्हणेन शिफ्ट घे, निदान दीड-दोन वर्षं. कारण सांगतो, त्यात माझीच फजिती आहे.

आपल्या भागातल्याच एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी प्रॉडक्शन मॅनेजर झालो, तेव्हा रात्री 10 ते सकाळी 6 वीज स्वस्त असायची. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवायला साडेपाचशे-सहाशे युनिट जातात, हे तुला ठाऊक आहे. मी जमतील तेवढ्या हीट, म्हणजे भट्टीच्या खेपा, रात्रीत ढकलल्या. बिल उतरलं, मीटिंगमध्ये कौतुक झालं, आणि मी हवेत. दीडएक महिन्याने रिजेक्शन चढायला लागलं. कुठे ब्लो होल, म्हणजे वायूने पडलेली पोकळी, कुठे कास्टिंगच्या (ओतलेल्या भागाच्या) अंगात वाळू. मी लॅबचे कागद मागवले. वाळूतला ओलावा साडेतीन टक्के, सगळं जिथल्या तिथे. म्हणजे चूक माणसांची, असा निकाल लावून रात्रपाळीच्या दोन मोल्डरना मेमो दिले.

आमच्याकडे एक म्हातारे मेस्त्री होते, चार बुकं शिकलेले. चहाच्या वेळी म्हणाले, "सायेब, राच्याला दोन वाजता या आन् वाळूत हात घाला."

गेलो. हात ठेववेना.

भट्टी रात्रभर ओतत होती. साचे फोडून निघालेली वाळू थंड व्हायच्या आत परत मिक्सरमध्ये जात होती. अशा वाळूत पाणी टिकत नाही. मिक्सरपाशी बरोबर असलेला ओलावा साचा होईपर्यंत उडून जातो, साच्याच्या कडा भुसभुशीत होऊन झडतात, आणि तीच वाळू धातूबरोबर आत जाते. शिवाय वाफ गार पॅटर्नवर, म्हणजे ज्यावर वाळू दाबून साचा करतात त्या ठोकळ्यावर, धरते आणि वाळू त्याला चिकटते. लॅबचा नमुना मात्र सकाळी अकराला घेतला जायचा, रात्रीची वाळू निवल्यावर. विजेच्या बिलात वाचवलेले पैसे रिजेक्शनच्या ढिगात पडत होते. एक आकडा एका कागदावर, दुसरा दुसऱ्यावर, म्हणून कुणाला दिसलं नाही. आणि निर्णय माझा होता.

मेमो मागे घेतले. दोघांपैकी एकजण तोवर काम सोडून गेला होता. त्याची माफी मागायची राहिली. (आता विजेची सवलत उन्हाच्या तासांकडे सरकली आहे, तेव्हा ही चूक यापुढे दिवसपाळीत होईल. होईल मात्र नक्की.)

मेस्त्रींना हे दोन आठवडे आधी माहीत होतं. मग बोलले का नाहीत? मी विचारलं नव्हतं म्हणून. शिफ्ट घे म्हणतो ते यासाठी. मेस्त्री तुला वाळूविषयी सांगतील, पण आधी ते तू दोन वाजता जागा असतोस का हे बघतील. ऑफिसातून थेट वरच्या खुर्चीत गेलेल्या माणसाला ते 'होय साहेब' एवढंच म्हणतात.

तुझी एक खोड मला माहीत आहे. बिघाड दिसला की तू स्वतः पाना घेतोस. आजवर त्याचंच कौतुक झालं, बढतीही त्यामुळेच आली. शिफ्ट इन्चार्ज झाल्यावर हात खिशात ठेवायला शीक. तू मशीनखाली शिरलास की बाकीची लाइन कोण बघणार? मला हे जमायला तीन वर्षं लागली, आणि तेवढ्या काळात माझ्या हाताखालचा एकही माणूस तयार झाला नाही.

पुढे आकड्यांचा सुळसुळाट होईल. ओईईचंच घे, म्हणजे मशीनचा एकूण उपयोग किती झाला त्याचा आकडा. मशीन किती वेळ चाललं, किती वेगाने आणि त्यातला चांगला माल किती, या तिन्हींचा गुणाकार. 90, 95 आणि 99 टक्के असे देखणे आकडे घेतलेस तरी उत्तर 85 च्या आतच येतं. म्हणून कुणी 95 दाखवलं तर टाळी वाजवू नकोस. पॅटर्न बदलायला लागलेला वेळ कुठे लिहिला ते विचार. बहुधा 'नियोजित थांबा' या, हिशोबात न धरायच्या रकान्यात दडवलेला सापडेल.

पगार, गाडी, केबिन याबद्दल काय लिहू? ते येतं.

सहीबद्दल मात्र लिहितो. 1948 च्या कारखाने अधिनियमात भोगवटादार (कारखान्यावर अंतिम ताबा असलेला) आणि व्यवस्थापक अशा दोघांना जबाबदार धरलेलं होतं, आणि व्यवस्थापकाचं नाव सरकारला लेखी कळवावं लागे. नियम मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. आता नवी संहिता आली, कलमांचे नंबर बदलले. पण कागदावर आपलं नाव गेलं की पावसाकडे बघायची नजर बदलते, ती बदलतेच. मृग लागायच्या आत मी स्क्रॅपच्या शेडचे पत्रे बघायला स्वतः शिडीवर चढायचो. ओलं स्क्रॅप वितळलेल्या धातूखाली गेलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि भट्टी उसळते. दोन्ही तोंडं बंद असलेला पाइपचा तुकडाही तसाच घातक. लॅडल, म्हणजे वितळलेला धातू न्यायचं भांडं, नीट तापवलेलं नसेल तर तिथेही तेच. चढताना लोक हसायचे. हसू देत.

कोल्हापुरात, इथल्या उद्योगाचा पाया घालणाऱ्या म्हादबा मेस्त्रींच्या गावात, आपण हा धंदा करतो. इथे हाताला कळणाऱ्या गोष्टीला अजून किंमत आहे, आणि तू ती शिकायच्या वयाचा आहेस. प्लॅनिंगची जागा दोन वर्षांनी पुन्हा निघेल.

सोमवारी तुझी सुट्टी असते ना? ये. गेल्या पंधरा दिवसांचे वाळूचे रिपोर्ट घेऊन ये, रात्रीचे वेगळे काढून. रात्रीचे नसतील तर का नाहीत, ते विचारून ये.

तुझा,
काका