१ मे ला आपण फटाके का वाजवत नाही?

ऑटावा, ३ जुलै

माझ्या बाय,

आजीने तुझ्या पत्राचा फोटो काढून पाठवला. इथल्या परवाच्या सोहळ्यातले लाल-पांढरे कपडे, गालांवर काढलेली मेपलची पानं, रात्रीची आतषबाजी, सगळं तुला आवडलं. आणि खाली तू विचारलंस, "बाबा, आपल्याकडे १ मे ला नुसता झेंडा लावतात, निकाल देतात आणि घरी पाठवतात. आपण का नाही महाराष्ट्राचा असा वाढदिवस करत?"

१ जुलै १८६७ हा कॅनडाचा जन्मदिवस. ऑटावा राजधानी, म्हणून लांबलांबची माणसं इथे येतात, डोक्यावरून विमानं रांगेत जातात. मीही टाळ्या वाजवल्या.

आपला महाराष्ट्र १ मे १९६० ला झाला, राजधानी मुंबई. पण ती मुंबई अशी सहज हाती आली नाही. जानेवारी १९५६ मध्ये दिल्लीहून जाहीर झालं की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार. माझे आजोबा, म्हणजे तुझे पणजोबा, तेव्हा लालबागला गिरणीत साच्यावर होते. चाळीतल्या एका खोलीत देवगडकडचे वीसेक गाववाले. एकाची पाळी संपली की त्याच जागी दुसऱ्याची वळकटी. ते सगळे रस्त्यावर उतरले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. १०६ हुतात्मे म्हणतात ते या लढ्यातले.

त्या दिवसांत खोलीतला एकजण खाली उतरला तो परत आलाच नाही. मे महिन्यात त्याची पत्र्याची पेटी पणजोबांनी गावी आणली. भाऊच्या धक्क्यापासून देवगड बंदरापर्यंत बोटीत ती मांडीवरच होती. बोटीतून पडावात उतरतानासुद्धा त्यांनी ती दुसऱ्या कोणाच्या हातात दिली नाही. त्याच्या आईसमोर ठेवली आणि तिथेच बसून राहिले. मला त्यांनी हे एकदाच सांगितलं, परड्यात नारळ सोलताना.

आपल्या कोकणातले चिंतामणराव देशमुख तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते, कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या रायगडातून, निवडून गेलेले. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ मध्ये मंत्रिपद सोडलं. हे नाव लक्षात ठेव.

पुढे महाराष्ट्र झाल्यावर पणजोबा दर १ मे ला सकाळी मोगऱ्याची फुलं घेऊन फ्लोरा फाउंटनला जायचे. आता त्याला हुतात्मा चौक म्हणतात. तिथे शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे आहेत. सरकारी सोहळा शिवाजी पार्कला होतो, राज्यपाल झेंडा फडकवतात, संचलन होतं. पणजोबांना त्याचा अभिमान होता, पण त्यांचे पाय आधी चौकाकडे वळायचे. मग पहिल्या मिळेल त्या गाडीने गावी, कारण कलमांवर आंबा तयार झालेला असायचा. दुसऱ्या दिवशी घळ, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन काढणी, गवत घालून पेट्या भरणं. १ मे ला पुरणपोळी नाही की श्रीखंड नाही.

आपल्या घरात फटाके नाहीत ते त्या पत्र्याच्या पेटीमुळे. हा काही सगळ्यांचा नियम नव्हे. मुंबईत रोषणाई होते आणि ती व्हायलाच हवी, राज्य मिळाल्याचा आनंद खराच आहे. इथेही त्या गर्दीत मला नारिंगी शर्ट घातलेली माणसं दिसली. इथल्या मूळ रहिवाशांची मुलं घरापासून तोडून वसतिगृहाच्या शाळांत ठेवली होती, कितीतरी परतली नाहीत. त्यांच्या आठवणीसाठी तो रंग. त्यांना बघून मला पणजोबांची मांडी आठवली.

पुढच्या मे मध्ये मी रजेवर येतोय. तुझा निकाल आजी आणेल. ३० एप्रिलच्या रात्रीच्या गाडीने आपण दोघं मुंबईला जाऊ, सकाळी दादरच्या फुलबाजारातून मोगरा घेऊ. काढणी दोन दिवस लांबली तरी चालेल, आजीला मी सांगतो.

तुझा,
बाबा