बॉल चारच वेळा मिळाला म्हणतेस

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी रग्बी लीगच्या ट्रायल मॅचहून परतताना तू रस्ताभर गप्प होतीस. वेंटवर्थव्हिलच्या सिग्नलला एकदाच तोंड उघडलंस, "मावशी, बॉल चारच वेळा आला माझ्याकडे. मला टीममध्ये कोण ठेवेल?" आई गाडी चालवत होती आणि बारावीच्या वर्षात ही ब्याद कशाला, हे तिच्या मानेवरूनसुद्धा कळत होतं. म्हणून मी तेव्हा बोलले नाही.

काठावर पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसले की मी वहीत रेघा मारते, जुनी खोड. तू 25 मिनिटं मैदानात होतीस. बॉल चार वेळा, बरोबर आहे तुझं. टॅकल चौदा, त्यातले दोन सुटले. पण तिसराही एक रकाना होता: टॅकलनंतर तू किती वेळ जमिनीवर. सुरुवातीला रेघ मारेपर्यंत तू उठून मार्करला, म्हणजे पाडलेलीच्या अगदी समोर, उभी असायचीस. मग ऊन लागलं, कमरेवर हात आले, आणि आपली लाइन पुढे सरकायची तेव्हा तू दोन पावलं मागे. सुटलेल्या दुसऱ्या टॅकलला तर तू चुकलीच नाहीस. तू तिथे पोचलीच नव्हतीस.

मी सांगलीकडे कबड्डी खेळले, कोपऱ्यात. चढाई करणारीचं नाव गावभर व्हायचं, घोटा धरणारीचं तिच्या आईलासुद्धा ठाऊक नसायचं. त्यामुळे तुझं दुखणं कळतं मला. फरक इतकाच, की कबड्डीत पकड झाली की शिट्टी वाजते. लीगमध्ये टॅकल झाला की घड्याळ सुरू होतं. पडलेलीने उठायचं, बॉल टेकवून पायाने मागे सारायचा. तेवढ्यात समोरच्यांनी 10 मीटर मागे जायचं. ती झटकन उठली तर त्यांची लाइन अजून उलटी चालत असते आणि आपल्या डमी हाफला, म्हणजे मागे सारलेला बॉल उचलणारीला, मोकळं रान मिळतं. ती रेंगाळली तर तेराच्या तेरा जणी जागेवर. सहा टॅकलच्या सेटमध्ये, म्हणजे बॉल आपल्याकडे असतानाच्या एका पाळीत, असं दोनदा झालं की सेट गेलाच म्हणायचा. कोच बघतो तो हा हिशोब.

तुझी गंमत म्हणजे तू पाठीवर पडतेस. चारपैकी तीन वेळा आकाश बघत होतीस! पडतानाच अंग वळवून पोटावर ये, म्हणजे कोपर आणि गुडघे आधी टेकतील आणि उठायला आधार मिळेल. डॉक्टरने परवानगी दिली की मागच्या अंगणात बाबांना उशी धरून उभं कर. धक्का, पडणं, वळणं, उठणं. दहा वेळा करून थांब, शंभर नकोत. दमलेलं अंग चुकीचंच शिकतं.

डॉक्टरवरून आठवलं, पत्र खरं तर त्यासाठीच लिहायला घेतलं. शेवटच्या टॅकलला तुझं डोकं त्या मुलीच्या पुढे आलं, मागे राहायला हवं होतं. तिचं कंबरेचं हाड तुझ्या कानशिलावर बसलं. टॅकल करणारीलाच डोक्याला मार लागायचा धोका जास्त, तो असा. त्या वेळी तू दिवसातली सगळ्यात चपळ उठलीस आणि तीन पावलं समोरच्या टीमकडे चालत गेलीस. मी विचारलं तर "ऑल गुड". मी तुला बाहेर काढलं, तू बाटली फेकलीस. फेक. बाकी कधीही पडलीस तर झटकन उठ. डोक्याला लागलं तर पडून राहा, हात वर कर.

एनआरएलमध्ये, म्हणजे पुरुषांच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, 2023 पासून अशा माराला साधारण 11 दिवस बाहेर बसवतात. तू 19 च्या आतली, म्हणून तुला ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टच्या 2024 च्या नियमावलीप्रमाणे किमान 21 दिवस, आणि अंगाला अंग लावून सराव करण्याआधी 14 दिवस काहीही त्रास नको. टार्शा गेल कपच्या, तुमच्या 19 खालच्या मुलींच्या स्पर्धेच्या, पहिल्या मॅचना मुकशील. मुक. मी जिल्ह्याच्या निवडीला सुजलेला गुडघा नीकॅपखाली लपवला होता. निवड झाली, खेळले एकच सामना. आजही जिना उतरताना आधी कठडा धरते.

आणि बाबांचा प्रश्न, "यात पुढे काय?" एनआरएलडब्ल्यू, म्हणजे बायकांची वरची लीग, 2018 ला सुरू झालं तेव्हा टीम चार होत्या, 2025 ला बारा झाल्या. किमान मानधन 2023 ला वर्षाला 30,000 डॉलर ठरलं, 2027 पर्यंत 50,600 व्हायचंय. सिडनीतलं भाडं बघता खेळाच्या जोडीला दुसरं काही हातात असलेलं बरं, म्हणून एचएससी नीट दे. (इथेही तिला एचएससीच म्हणतात, यावर तुझी आजी फार खूष आहे.) कप वर्षाच्या सुरुवातीला, परीक्षा ऑक्टोबरात, जमतं. जेसी साउथवेल 17 व्या वर्षी न्यूकॅसलकडून फायनल जिंकली, हे तू मला दहादा ऐकवलंस. तिच्या वयाशी तुलना नको करूस. त्या 2022 च्या फायनलमधली हरलेली टीमही बघ, आपलं पॅरामॅटा. साखळीत पाचपैकी एकच मॅच जिंकून त्या तिथवर पोचल्या होत्या.

या शनिवारी सकाळी साडेसातला ये, बाटल्या भरायच्यात. वही तुझ्याकडे देईन. तुझ्या जागी जी खेळेल तिचा तिसरा रकाना तू भर, आणि पेन्सिल आण, माझं पेन उन्हात वाळतं.

तुझी,
मावशी