दोन्ही केबल लावल्या की प्रिंटर गायब

प्रश्न : गिरगावात आमचा छोटा छापखाना आहे. तेथील लिनक्स संगणकाला दोन नेटवर्क कार्डे आहेत. मदरबोर्डवरचे कार्ड ब्रॉडबँडच्या राउटरला जोडले आहे आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेले दुसरे कार्ड आतल्या स्विचला, ज्यावर प्रिंटर आणि डिझाइनचे दोन संगणक आहेत. कोणतीही एकच केबल लावली तर ती बाजू सुरळीत चालते. दोन्ही लावल्या की कधी इंटरनेट जाते, तर कधी प्रिंटर सापडत नाही. दोनदा कार्ड बदलून झाले. राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि प्रिंटरचा १९२.१६८.१.२० असा आहे. काय करावे? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : तिसरे कार्ड आणू नका. एकेकटे कार्ड नीट चालते असे आपणच लिहिता, म्हणजे कार्ड, केबल आणि ड्रायव्हर तिन्ही ठीक आहेत. दोष पत्त्यांच्या वाटणीत आहे. नेटमास्क (पत्त्याचा किती भाग जाळ्याचा, हे सांगणारी संख्या) २५५.२५५.२५५.० असेल (घरगुती राउटरमध्ये बहुधा तोच असतो), तर पत्त्यातील पहिल्या तीन आकड्यांवरून जाळे ओळखले जाते, आणि आपल्या दोन्ही कार्डांमागे १९२.१६८.१ हेच जाळे आहे. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, राउटिंग टेबलमध्ये (कोणत्या पत्त्याकडे कोणत्या कार्डातून जायचे, त्या तक्त्यात) त्या जाळ्याकडे जाणाऱ्या दोन नोंदी पडतात. त्यांतील कमी मेट्रिकची (पसंतीक्रमाच्या आकड्याची) नोंद तो उचलतो आणि त्या तारेच्या टोकाला प्रिंटर खरोखर आहे का, याची चौकशी करत नाही. मग ‘२० नंबर कोणाचा?’ ही हाक राउटरच्या बाजूला दिली जाते आणि तिला ओ देणारे तेथे कोणीच नसते. इंटरनेट जाते ते बहुधा आतल्या कार्डालाही गेटवे (जाळ्याबाहेर जाण्याच्या दाराचा पत्ता) भरून ठेवल्यामुळे.

आतल्या जाळ्याला १९२.१६८.५० ही मालिका द्या : कार्डाला १९२.१६८.५०.१, प्रिंटरला १९२.१६८.५०.२०. या कार्डाचा गेटवेचा रकाना कोरा सोडा. डिझाइनच्या संगणकांना इंटरनेट हवे असल्यास त्यांचा गेटवे १९२.१६८.५०.१ ठेवून लिनक्सवर आयपी फॉरवर्डिंग (एका कार्डावरची माहिती दुसऱ्याकडे पुढे पाठवणे) आणि नॅट (आतल्या पत्त्यांऐवजी स्वतःचा पत्ता लावणे) चालू करावे लागेल. दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये खोचण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मात्र ऐकू नका. लिनक्स पत्ता कार्डाचा नव्हे तर संपूर्ण यंत्राचा मानतो, त्यामुळे एका कार्डाच्या पत्त्याची विचारणा झाल्यावर दुसरेच कार्ड उत्तर देऊ लागते आणि गोंधळ पकडणे अधिकच अवघड होते.

बदल केल्यावर टर्मिनलवर ‘आयपी राउट’ (ip route) ही आज्ञा द्या. ‘डीफॉल्ट’ने सुरू होणारी ओळ एकच दिसली पाहिजे. त्यानंतर ‘आयपी राउट गेट’ (ip route get) लिहून पुढे प्रिंटरचा पत्ता टाका. पॅकेट कोणत्या कार्डातून निघेल, त्याचे नाव उत्तरात येते.

ते नाव कोणत्या कार्डाचे, हा प्रश्न उरतोच, कारण जुन्या पद्धतीतील ‘ईथ०’ आणि ‘ईथ१’ ही नावे संगणक पुन्हा सुरू केल्यावर अदलाबदल होऊ शकत. २०१३ मध्ये सिस्टिम-डीने (लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीने) कार्डाच्या जागेवरून नाव देण्याची पद्धत आणली, तरी नावावरून खोबण ओळखणे सोपे नाही. ‘ईथटूल’ (ethtool) या आज्ञेला उणे पी (-p) हा पर्याय आणि कार्डाचे नाव द्या, सोय असलेल्या कार्डाचा दिवा लुकलुकू लागतो, तेवढ्यात संगणकामागे वाकून त्या केबलला चिठ्ठी चिकटवून घ्या.