‘आई, माझा आवाज येतोय ना?’

साडेसहा वर्षांच्या मुलाच्या आईने विचारलं होतं : “मावसभावाकडे ‘पिनोकिओ’ बघून आल्यापासून तीन आठवडे झाले, हा एकटा झोपत नाही. दिवा मालवला की दर पाच मिनिटांनी ‘आई’ म्हणून हाक. जाऊन बघावं तर काहीच नको असतं. ‘कार्टून आहे रे, खोटं असतं’ सांगून थकले. लक्ष वेधून घ्यायला करतोय का?” (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.)

पिनोकिओ म्हणजे लाकडाचा बाहुला, खोटं बोलला की त्याचं नाक वाढतं. आधी बघायचं, कोणता पिनोकिओ? कार्लो कोलोदीची मूळ इटालियन गोष्ट १८८१पासून मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः आली आणि १८८३मध्ये पुस्तक झाली. तिच्यावर सिनेमे पुष्कळ आहेत. २०२२चा गियेर्मो देल तोरोचा बाहुलीपट मुसोलिनीच्या काळात घडतो. त्यात मूळ गोष्टीसारखी मुलांची गाढवं होत नाहीत. या मुलाने पाहिला होता १९४०चा डिस्नेचा.

पिनोकिओला गिळणाऱ्या देवमाशाची भीती वाटली असेल, असा घरच्यांचा अंदाज होता. भरदुपारी, कागद-खडू देऊन “कुठे डोळे झाकलेस?” असं विचारलं, तेव्हा त्याने लांब कान काढले. प्लेझर आयलंडचा प्रसंग : या बेटावर उनाड मुलांना आणून मनसोक्त हुंदडू देतात आणि मग त्यांची गाढवं होतात. पिनोकिओच्या मित्राला, लॅम्पविकला, आधी कान फुटतात, मग शेपूट, मग तोंड बदलतं. हातांचे खूर होतात तेव्हा तो आईला हाका मारत असतो आणि भिंतीवरच्या सावलीत चार पायांवर येतो. मग नुसतं रेकणं. त्याआधी एक छोटं गाढव “मला आईकडे जायचंय” असं माणसासारखं बोलतं. मुलांना बेटावर आणणारा गाडीवाला त्यालाही बाकीच्यांत ढकलतो.

रात्रीच्या हाकांचा उलगडा तिथे झाला. आपल्या तोंडून अजून ‘आई’च निघतंय ना, एवढंच तो तपासत होता.

सहा-सात वर्षांपर्यंत मूल दिसण्यावरून ठरवतं : रूप बदललं की माणूस बदलला. म्हणून मारामारीपेक्षा अशी रूपांतरं लहानांना जास्त झोंबतात. शिवाय पिनोकिओचे कान शेवटी जातात, तो खरा मुलगा होतो. लॅम्पविककडे सिनेमा परत वळतच नाही. मोठ्यांच्या हे ध्यानातही राहत नाही. मुलाच्या मात्र तेच डोक्यात बसतं.

आणि आपल्या घरांतला लाडका शब्द कोणता? “गाढवा, अभ्यास कर.” इटलीतही ढ मुलाला गाढवच म्हणतात. कोलोदीने तोच वाक्प्रचार शब्दशः खरा करून दाखवला. या घरात तो दिवसाला चार-पाचदा निघत होता. दोघांनी तो बंद करायचं ठरवलं आणि मुलाला तसं सांगितलंही : “ते रागाचं बोलणं होतं, त्याने कुणाचं काही होत नाही.”

‘खोटं असतं’ हे वाक्यही सोडून दिलं. ज्या गोष्टीत खोट्याने नाक वाढतं, तिच्याबद्दल तर ते फारच तोकडं. त्याऐवजी ते बनतं कसं, हे हाताने करून दाखवलं. चिकट चिठ्ठ्यांची वीस पानांची गड्डी घ्या. सर्वांत खालच्या पानावर मुलाचा चेहरा काढा. वरचं पान त्यावर सोडलं की खालची रेघ दिसते, ती गिरवत थोडासाच फरक करा. कान पाच पानांत वाढवा, नाक-तोंड पुढच्या दहांत, उरलेल्या चारांत पूर्ण गाढव. डोळे सगळ्या पानांवर एकाच जागी हवेत, नाहीतर चित्र थरथरतं आणि गंमत जाते. एकाच पानावर कान एकदम मोठे केलेत तर दचकायला होतं, नेमकं तेच टाळायचं आहे. खालून वर पानं सोडली की मुलाचं गाढव, वरून खाली सोडली की गाढवाचा मुलगा. उलटा खेळ जास्त वेळा खेळू द्या.

दुसऱ्या दिवशी बाबांनी घाई केली. रात्री नऊला फोनवर तोच प्रसंग लावून “बघ, काही नाही त्यात” म्हणाले. त्या रात्री हाका दुप्पट झाल्या. भीती निम्मी त्या आवाजात असते, आणि अंधारात तर ती वाढतेच.

झोपतानाचा क्रम असा ठेवला : मंद दिवा, दहा मिनिटं पलंगाशेजारी खुर्ची, दर तीन रात्रींनी खुर्ची दोन पावलं दाराकडे. हाक आली की “येतोय तुझा आवाज, स्पष्ट” एवढंच उत्तर, न रागावता, खोलीत न शिरता. हाका एकदम थांबल्या नाहीत. बारा-पंधरावरून दहा दिवसांत दोन-तीनवर आल्या.

सगळं करूनही महिन्याभरात फरक पडला नाही, अंथरूण ओलं होऊ लागलं, जेवण किंवा शाळा सुटू लागली, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा.

सिनेमा पुन्हा दाखवायचा का, हे आईने शेवटी विचारलं. मुलाने मागितला तरच, दिवसा, रिमोट त्याच्या हातात आणि त्या प्रसंगाला आवाज बंद. नाही मागितला, तर राहू द्या.