रांग कमी करून नोकरी मिळते का?

प्रश्न: मी शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलच्या मेसमध्ये रात्री साडेआठला रांग जिन्यापर्यंत जाते. रांगेत किती मुली आहेत ते मोबाइलवर दाखवणारं ॲप आम्ही चौघींनी केलं. मुलींनी ते थोडे दिवस वापरलं, मग सोडून दिलं. अंतिम वर्षाला मला हाच विषय घ्यायचाय, पण गाईड सर म्हणतात, ‘यात इंजिनीअरिंग कुठंय? आयओटी (सेन्सर लावून वस्तू इंटरनेटला जोडणं) घ्या.’ मला पुढे डिझाइनकडे वळायचंय. बाबा विचारतात, रांग कमी करून नोकरी मिळते का? माझी चित्रकलाही बेताचीच आहे.

उत्तर: विषय सोडू नकोस. ॲप मात्र सध्या बाजूला ठेव.

तुमची कल्पना वाईट नव्हती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात कॉम्प्युटर विभागाच्या मंडळींनी कोकच्या मशीनला वायरी जोडल्या होत्या. मशीनमध्ये बाटल्या आहेत का आणि त्या गार झाल्यात का, हे त्यांना जागेवर बसून कळायचं. १९९१ साली केंब्रिजमध्ये संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला, कारण इतर मजल्यांवरून यायचं आणि भांडं रिकामं बघून परत जायचं, याला लोक वैतागले होते. दोन्हीकडे वाचली ती फुकटची खेप. वापरणारे मोजके होते आणि जायची वेळ ज्याची त्याच्या हातात होती.

तुमच्या मेसचं तसं नाही. प्रॅक्टिकल, क्लास, मग जेवण. साडेआठशिवाय दुसरी वेळच नसेल, तर रांग लांब आहे हे कळून मुलींनी करायचं काय? आणि ‘आत्ता गर्दी नाही’ असं सगळ्यांना एकदम कळलं, तर सगळ्या एकदमच खाली उतरणार. ॲप का सोडलं हे त्यातल्या दहा-बारा जणींना विचारलंस का? पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही, आणि मला सगळ्यात जास्त उत्सुकता त्याचीच होती.

आता रांगेकडे मेकॅनिकलवालीच्या नजरेनं बघ. इंडस्ट्रियल इंजिनीअरिंगमध्ये मेथड स्टडी, म्हणजे काम कसं होतं ते टप्प्याटप्प्यानं तपासणं, शिकवतात, त्यातला प्रोसेस चार्ट मेसला लाव. काम म्हणजे गोल, ने-आण म्हणजे बाण, आणि खोळंबा म्हणजे इंग्रजी डी. जिन्यापासून टेबलापर्यंत एका ताटाचा प्रवास मांड आणि डी कुठे कुठे येतो ते पाहा. सहीच्या रजिस्टरपाशी? भाजीला एकच डाव आहे म्हणून? की ताटं धुऊन यायची असतात म्हणून? सगळ्यात सावकाश टप्प्यापेक्षा रांग वेगानं सरकूच शकत नाही. बाकी टप्पे कितीही चकचकीत करा.

मोजणीही सोपी आहे. १९६१ साली जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला नियम आहे: रांगेतली सरासरी माणसं म्हणजे येण्याचा सरासरी दर गुणिले थांबण्याचा सरासरी वेळ. समज, सरासरी ९० मुली उभ्या आहेत आणि मिनिटाला ९ जणी येतात, तितक्याच वाढून घेऊन बाहेर पडतात. म्हणजे प्रत्येकीची सरासरी १० मिनिटं गेली. फक्त एका रात्रीच्या आकड्यावर विसंबू नकोस. फीस्टचा दिवस आणि उपवासाचा दिवस यांची सरासरी काढून काहीच कळत नाही.

खोळंबा रजिस्टरपाशी निघाला, तर विंगप्रमाणे दोन रजिस्टरं ठेवून बघ. खर्च एका वहीचा. पोळ्यांपाशी निघाला, तर गोष्ट अवघड आहे, कारण तिथे तव्यासमोर मावशी उभ्या आहेत. मुलींची पाच मिनिटं वाचवण्यासाठी मावशींना अर्धा तास आधी यावं लागणार असेल, तर रांग संपली नाही, ती स्वयंपाकघरात गेली. विद्यार्थ्यांच्या अशा प्रोजेक्टमध्ये ‘युजर’ म्हणजे फक्त विद्यार्थी धरलेला मी नेहमी बघतो, आणि मला ते खटकतं. मावशींशी आधी बोल, त्यांना विचारूनच फोटो काढ. बदल करताना मेसचे ठेकेदार आणि रेक्टर मॅडम यांनाही सोबत घे. एक महिन्यानंतरही बदल टिकला, तर तो या प्रोजेक्टचा खरा निकाल.

गाईड सरांशी वाद घालू नकोस. शीर्षकात ‘मेस’ हा शब्द पुढे आणू नकोस. ‘भोजन वितरण प्रक्रियेचा कार्य-अभ्यास आणि पुनर्रचना’ असं काहीतरी भारदस्त लिही. हवं तर मोजणीसाठी एक सेन्सर लाव, म्हणजे सरांचं आयओटीही होईल. ही लबाडी नाही, प्रोजेक्ट तोच आहे.

डिझाइनचा रस्ता तुझ्यासाठी पदवीनंतरचा. यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा बारावीनंतरच्या मुलांसाठी असते. तुझी परीक्षा सीड, एम.डेस. म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीसाठीची. ती आयआयटी मुंबई घेते, साधारण जानेवारीत, आणि अंतिम वर्षात असतानाही देता येते. तिथला आयडीसी हा डिझाइन विभाग १९६९ पासून आहे आणि इंजिनीअरिंग करून आलेली मुलं तिथे काही नवलाची नाहीत. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा वेगळी. सीडच्या दुसऱ्या भागात हातानं काढावं लागतं, पण तिथे एलिमेंटरी-इंटरमिजिएटसारखं रंगकाम लागत नाही. वस्तू कशी धरतात, कुठे अडते, हे रेषेत कळलं पाहिजे. रोज मेसमधली एक वस्तू तीन बाजूंनी काढ: डाव, पाण्याचा जग, ताटांची चळत.

पोर्टफोलिओत हा प्रोजेक्ट टाकशील तेव्हा फसलेलं ॲप पहिल्या पानावर ठेव. मुलींनी ते का सोडलं आणि त्यावरून तू काय बदललंस, हे वाचताना मुलाखत घेणारे थांबतील. चौघींपैकी तुझं काम कोणतं, तेही स्पष्ट लिही.

बाबांना सांग, नुसती रांग कमी करून नोकरी मिळत नाही. पण कारखान्यातली असेंब्ली लाइन, दवाखान्यातली ओपीडी, बँकेचं ॲप, सगळीकडे खोळंबा शोधून काढणारी माणसं पगारावर ठेवतात, आणि मेकॅनिकलची पदवी तुझ्या हातात राहणारच आहे. कॅम्पस प्लेसमेंटला बस, सीडही दे. दोन्ही एकाच वर्षात जमतं. सीडचे फॉर्म साधारण ऑक्टोबरात निघतात, त्याआधी सरांची विषयावर सही घेऊन टाक.