गॅस बदलायचा की फ्रीजच?

मिरजेच्या एका ताईंचा प्रश्न: 1998 चा 165 लिटरचा फ्रीज, मागच्या पट्टीवर आर-12 (ओझोनचा थर विरळ करणारा जुना सीएफसी गॅस) लिहिलंय. गॅस उडालाय. मेकॅनिक ‘ओझोनवाला गॅस’, म्हणजे ओझोनला धक्का न लावणारा, भरून, कॉम्प्रेसर बदलून ₹7,500 सांगतो. नवा सिंगल डोअर एक्सचेंज धरून ₹15,000 ला पडतो. बचत खात्यात ₹60,000 आहेत. काय करावं?

ताई, नवा घ्या.

फ्रीज बंद पडल्यापासून बिल महिन्याला 45 युनिटनी उतरलं, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे वर्षाला 540. नव्याच्या दारावरच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. 180 युनिटचं मॉडेल धरा. ₹10 दराने वर्षाला ₹3,600 वाचतात. दुरुस्तीपेक्षा जास्तीचे ₹7,500 दोन वर्षांच्या आसपास वसूल.

ओझोनसाठी जुन्याच फ्रीजचा गॅस बदलून घ्यावा, हा तुमचा विचार चांगला आहे. पण आर-12 आधीच हवेत गेलाय, तो परत येत नाही. मेकॅनिकला विचारा, नेमका कोणता गॅस? 134ए ओझोनला धक्का लावत नाही, पण त्याला जुनं तेल चालत नाही आणि वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या 1,400 पट तापमान वाढवतो. 600ए दोन्ही बाबतींत सौम्य, पण पेट घेणारा. तुमच्या फ्रीजचा थर्मोस्टॅट आणि दिव्याचं बटण आतच आहेत, दोन्हींत ठिणगी पडते. ते सीलबंद केल्याशिवाय हा गॅस भरू देऊ नका. शिवाय गळती कुठे आहे, हे त्याने शोधलंय का? फ्रीझरमधला बर्फ सुरीने खरवडताना कॉइलला भोक पडलं असेल तर ते बुजेल. पाइप भिंतीतल्या फोममध्ये गळत असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा हेच.

नवा घेताना पट्टीवर आर-600ए बघा. त्याची रचनाच त्या गॅससाठी असते. पैसे खात्यातून द्या. ‘नो कॉस्ट ईएमआय’ला अनेकदा प्रोसेसिंग फी लागते आणि रोखीची सवलतही बुडते. एवढ्यासाठी कशाला? ₹45,000 हाताशी राहतातच.

जुना मात्र गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. त्या काळच्या भिंतींतला फोमही सीएफसीने फुगवलेला असतो, आणि तो फोडला की तोही वायू सुटतो. दुकानदाराला आधीच विचारा, एक्सचेंजचे फ्रीज अधिकृत ई-कचरा केंद्राकडे जातात का. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं दुकान बघा, ₹500 कमी मिळाले तरी चालेल.